व्यापारचिन्हाकडून सामान्यनामाकडे : मराठीतील काही वस्तुनामांचा सामाजिक इतिहास

सारांश :
व्यापारी कंपनीने आपल्या उत्पादनाला दिलेले विशेषनाम कालांतराने त्या प्रकारच्या सर्व वस्तूंचे सामान्यनाम बनते. ही प्रक्रिया जगातील बहुतेक आधुनिक भाषांमध्ये आढळते. प्रस्तुत शोधनिबंधात मराठीत रुळलेल्या डालडा, सायक्लोस्टाईल, झेरॉक्स, जेसीबी इत्यादी शब्दांच्या आधारे या प्रक्रियेचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. हे शब्द केवळ जाहिरातीचे फळ नसून मराठी भाषकांनी केलेली नवी शब्दनिर्मिती आहे आणि विसाव्या शतकाच्या सामाजिक इतिहासाचे ते एक उपेक्षित साधन आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : व्यापारचिन्ह, सामान्यनाम, नवशब्दनिर्मिती, परिभाषा, सामाजिक इतिहास.

प्रस्तावना :
एम. फिल.च्या प्रबंधिकेचा कच्चा मसुदा तपासत असताना प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शकांनी एका वाक्यातील ‘झेरॉक्स’ हा शब्द खोडून तेथे ‘छायाप्रत’ असा शब्द लिहिला. दुरुस्ती योग्यच होती. परंतु तो दुरुस्त केलेला मसुदा हातात देताना त्यांनी जी सूचना केली ती अशी होती : “एवढे दुरुस्त करा आणि याच्या दोन झेरॉक्स काढून आणा.” लिहिण्याची भाषा आणि बोलण्याची भाषा यांतील हे अंतर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात हसण्यासारखे काही असले तरी इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातून एक गंभीर प्रश्न पडतो. जो शब्द लक्षावधी लोक रोज उच्चारतात, परंतु जो लेखनात, परिभाषेत आणि पुष्कळदा कोशातही येऊ दिला जात नाही, त्या शब्दामागचा इतिहास कोणी लिहावयाचा ?

राजे आणि राज्यव्यवस्था यांचा इतिहास सांगणाऱ्या शब्दांकडे आपण पुरेसे लक्ष दिले आहे. शिवकाळातील राज्यव्यवहारकोश हा आपल्या भाषिक स्वाभिमानाचा पुरावा म्हणून आपण वर्गात शिकवतो. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धी चळवळीचा, त्यातून रूढ झालेल्या ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारख्या शब्दांचा आपण सन्मानाने उल्लेख करतो. मात्र बाजारातून, स्वयंपाकघरातून आणि कारागिराच्या हातातून जे शब्द आले त्यांची नोंद ‘अशुद्ध’ किंवा ‘परकीय’ या एकाच शेऱ्याने पूर्ण होते. प्रस्तुत निबंध त्या शेऱ्याच्या पलीकडे पाहण्याचा अल्पसा प्रयत्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) व्यापारचिन्हाचे सामान्यनाम होण्याच्या प्रक्रियेचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) मराठीत रूढ झालेल्या निवडक शब्दांची सामाजिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
३) हे शब्द मराठीच्या व्याकरणात कसे सामावले गेले ते पाहणे.
४) इतिहासलेखनाचे साधन म्हणून या शब्दांचे मोल आणि मर्यादा तपासणे.

अभ्यासपद्धती :
या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कंपन्यांचा व वस्तूंचा प्रसिद्ध इतिहास, व्यापारचिन्हविषयक कायदे व निवाडे आणि प्रत्यक्ष बोलीतील वापर यांचा आधार घेतला आहे. सर्व शब्दांची यादी देणे हा हेतू नसून मोजक्या शब्दांचा सखोल विचार करणे हा हेतू आहे.

छाप, मार्का आणि नाव :
विशेषनामाचा सामान्यनामासारखा उपयोग मराठीला नवा नाही. भांडणे लावणाऱ्यास ‘नारद’, झोपाळू माणसास ‘कुंभकर्ण’ म्हणण्याची रीत व्याकरणाच्या शालेय पुस्तकांतही नोंदलेली असते. वस्तूंच्या बाबतीत पूर्वी हे काम स्थलनामे करीत असत. पैठणची ती पैठणी; मॉरिशसहून येणारी ती मोरस साखर; आणि पोर्तुगीज अंमलाशी ज्याचे नाते सांगितले जाते तो ‘अल्फान्सो’ मराठी जिभेवर ‘हापूस’ झाला. या नावांचा मालक कोणी एक व्यापारी नव्हता. वस्तू कोठून आली याची ती खूण होती.

औद्योगिक उत्पादनाबरोबर ही स्थिती बदलली. एकाच प्रकारचा माल अनेक गिरण्या काढू लागल्यावर ‘कोठला’ या प्रश्नापेक्षा ‘कोणाचा’ हा प्रश्न महत्त्वाचा झाला. ज्या समाजात साक्षरता अत्यल्प होती तेथे हे काम प्रथम चित्राने केले. कापडाच्या ताग्यावर, काड्यापेटीवर, साबणाच्या वेष्टनावर घोडा, उंट, वाघ, देवदेवता यांची चित्रे छापली जात. ग्राहक अक्षर न वाचता चित्र ओळखून ‘घोडाछाप’ माल मागत असे. पुढे ‘सडकछाप’, ‘गल्लीछाप’ अशी विशेषणे रूढ झाली. त्यांतील ‘छाप’ या उत्तरपदाचे नाते या बाजाराशी जोडता येते. १८८९ साली हिंदुस्थानात मालावरील खोट्या खुणांना आळा घालणारा कायदा झाला. व्यापारचिन्हांच्या नोंदणीची तरतूद मात्र १९४० च्या कायद्याने प्रथम केली. स्वातंत्र्यानंतर १९५८ आणि १९९९ साली नवे कायदे झाले व त्यांपैकी दुसरा सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. म्हणजेच चित्राकडून नावाकडे आणि रूढीकडून कायद्याकडे असा हा प्रवास आहे.

नाव यशस्वी होते तेव्हा मालकाला आनंद होतो. ते फार यशस्वी होते तेव्हा त्याला चिंता वाटू लागते; कारण सर्वांचे झालेले नाव त्याचे एकट्याचे राहत नाही. जमिनीवर अंथरावयाच्या ‘लिनोलियम’चा इंग्लंडमधील १८७८ चा निवाडा हे याचे आरंभीचे उदाहरण होय. अमेरिकेत ‘ॲस्पिरिन’ (१९२१), ‘सेलोफेन’ (१९३६), ‘एस्कलेटर’ (१९५०) आणि ‘थर्मास’ (१९६३) ही नावे अशाच रीतीने मालकांच्या हातून पूर्णतः वा अंशतः सुटली. मराठी घरात ‘थर्मास’ म्हणताना हा शब्द एके काळी एका जर्मन कंपनीची मालमत्ता होता, याची कोणाला आठवणही नसते.

येथे एक प्रतिउदाहरण उद्बोधक ठरेल. ‘केरोसीन’ हेही मुळात व्यापारचिन्हच. अब्राहम गेस्नर यांनी १८५४ साली ते नोंदविले. परंतु मराठीने ते सहजी घेतले नाही. ‘रॉक ऑइल’ वरून ‘रॉकेल’ आणि ‘गॅसलाइट’ वरून ‘घासलेट’ असे दोन स्वतंत्र शब्द तिने घडविले. कंपनीने दिलेले प्रत्येक नाव भाषा निमूटपणे स्वीकारते, हा समज त्यामुळे टिकत नाही. भाषा निवड करते. ती निवड कोणत्या परिस्थितीत होते, हे पुढील उदाहरणांवरून पाहू.

दिवा आणि चूल :
विजेपूर्वीच्या महाराष्ट्रात उजेडाला अनेक नावे होती. १९१० च्या सुमारास बर्लिनमधील एरिख अँड ग्रेट्झ या कंपनीने दाबाच्या तेलावर चालणारा जाळीचा दिवा बाजारात आणला. पेट्रोलियममधील ‘पेट्रो’ आणि मॅक्स ग्रेट्झ यांच्या नावातील ‘मॅक्स’ यांतून ‘पेट्रोमॅक्स’ हे नाव तयार झाले. लग्नाची वरात, तमाशाचा फड, कीर्तन, गणपतीची मिरवणूक अशा प्रसंगी डोक्यावर पेट्रोमॅक्सच्या बत्त्या घेऊन चालणारी माणसे हे एके काळी नित्याचे दृश्य होते. गावाने रात्री एकत्र येण्याच्या रीतीत या बत्तीने जो बदल केला त्याची आठवण या शब्दात साठलेली आहे. दुसऱ्यांच्या उत्सवाला उजेड देणारी आणि स्वतः मात्र त्या उत्सवाबाहेर राहणारी बत्तीवाल्यांची रांगही त्या आठवणीचाच भाग आहे.

याच काळात स्वदेशीच्या प्रेरणेने कराडजवळ ओगलेवाडी येथे ओगले बंधूंनी काचेचा कारखाना उभारला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला. प्रभाकर म्हणजे सूर्य. वस्तूला साजेसे आणि सर्वांना समजणारे असे हे नाव. तरीही ‘प्रभाकर’ हा कंदिलाचा प्रकार राहिला, कंदिलाचा पर्याय झाला नाही. याचे कारण स्पष्ट आहे. कंदील ही वस्तू आणि ‘कंदील’ हा शब्द दोन्ही प्रभाकराच्या आधीपासून मराठीत होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराच्या बाबतीतही असेच घडले. नांगर हा शब्द इतका जुना व दृढ की ‘किर्लोस्कर’ त्याचे विशेषण होऊ शकले, त्याची जागा घेऊ शकले नाही. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेला ‘प्रायमस’ मात्र नवी वस्तू म्हणून आला आणि काही काळ सामान्यनामासारखा चालला. पुढे ‘स्टोव्ह’ या सर्वसाधारण शब्दाने त्याला मागे सारले.

यावरून एक सूत्र हाती लागते. जेथे वस्तू नवी आणि तिला नाव नाही, तेथे व्यापारचिन्ह सामान्यनाम होण्याचा संभव अधिक. जेथे शब्दाचे घर आधीच भरलेले आहे, तेथे व्यापारचिन्ह विशेषण म्हणून दारात उभे राहते. अर्थात या सूत्राला अपवाद आहेत आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाचा अपवाद ‘डालडा’ हा आहे.

डालडा : एका डब्याचा इतिहास :
युनिलिव्हरने १९३१ साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १९३७ साली ‘डालडा’ हे नाव बाजारात आणले. हायड्रोजनयुक्त तूप आयात करणाऱ्या ‘दादा’ नावाच्या पेढीच्या नावात लिव्हरचा ‘ल’ घालून हा शब्द तयार झाला, असे सांगितले जाते. म्हणजे हा शब्द कोणत्याही भाषेत अर्थ नसलेला, केवळ दोन व्यापारी संस्थांच्या करारातून जन्मलेला होता. वस्तूला ‘वनस्पती तूप’ हे सरळ मराठी नाव उपलब्ध होते. तरीही लोकांनी ‘डालडा’ स्वीकारला. असे का व्हावे ?

याचे उत्तर ‘तूप’ या शब्दात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तूप हा आपल्याकडे केवळ खाद्यपदार्थ नाही. निरांजनात, होमात, बाळंतिणीच्या आहारात, वरणभातावर त्याला स्थान आहे. ते प्रतिष्ठेचे आणि पावित्र्याचे द्रव्य आहे. तेलापासून कारखान्यात तयार झालेल्या घट्ट पांढऱ्या पदार्थाला तूप म्हणावयाचे की नाही, हा प्रश्न स्वयंपाकघराच्या अर्थशास्त्राइतकाच धर्मभावनेचाही होता. महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून वनस्पती तुपाविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालण्याची मागणी झाली. शुद्ध तुपात भेसळ झाल्यास ती ओळखता यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल मिसळण्याचे बंधन घालण्यात आले; तिळाच्या तेलाची रासायनिक चाचणी सोपी असल्याने भेसळ उघड होई. अशा वातावरणात ‘वनस्पती तूप’ हे नाव कंपनीला सोयीचे आणि लोकांना गैरसोयीचे होते. लोकांनी त्याला तूप म्हणण्याचे टाळले व ‘डालडा’ म्हटले. वरवर पाहता हा जाहिरातीचा विजय दिसतो. प्रत्यक्षात तो तुपाच्या अर्थाचे रक्षण करणारा भाषिक निर्णय होता.

याचा पुरावा शब्दाच्या पुढील अर्थविकासात मिळतो. ‘डालड्यातली मिठाई’ म्हणताना स्वस्तपणाबरोबरच कमअस्सलपणा सुचविला जातो. कंपनीने आपल्या नावाला विश्वासार्हता जोडली होती. समाजाने त्याच नावाला नकलीपणाचा अर्थ चिकटविला. मात्र ज्या घरात तूप परवडत नव्हते तेथे सणाच्या पुऱ्या डालड्यातच तळल्या गेल्या आणि त्या चवीने खाल्ल्या गेल्या, हेही विसरता येत नाही. ‘डालडा’ हा हिणविण्याचा शब्द ज्यांनी केला आणि ज्यांनी तो रोजच्या व्यवहारात वापरला ते लोक एकच नव्हते. रिकामा झालेला पिवळा डबा तर सर्वांनीच वापरला. त्यात धान्य राहिले, तुळस लावली गेली आणि ज्या वस्त्यांत शौचालये नव्हती तेथे तो सकाळी पाणी घेऊन बाहेर गेला. स्वच्छतेच्या सोयीच्या अभावाचा इतिहास लिहिताना हा डबा साक्षीदार म्हणून बोलावावा लागेल.

२००३ साली हे नाव बंज या बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेले. हायड्रोजनयुक्त मेदातील ट्रान्स फॅटचे दुष्परिणाम स्पष्ट झाल्यावर जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल व मेदांतील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. वस्तूचे युग ओसरले. शब्द मात्र अद्याप बोलीत आहे.

सायक्लोस्टाईल आणि झेरॉक्स :
महाविद्यालयीन जीवनाशी ज्यांचा थेट संबंध आहे असे हे दोन शब्द आहेत. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या डेव्हिड गेस्टेटनर यांनी १८८१ साली लहान दातेरी चाक असलेल्या लेखणीचे स्वामित्व घेतले. मेणकागदावर या लेखणीने बारीक छिद्रे पडत व त्यातून शाई उतरून अनेक प्रती निघत. या लेखणीचे नाव ‘सायक्लोस्टाईल’. पुढे टंकलेखन यंत्रावर स्टेन्सिल कापण्याची पद्धत आली; नाव तेच राहिले. मराठीत त्याला ‘चक्रमुद्रित’ असा नेटका प्रतिशब्द मिळाला व तो लेखनात वापरलाही गेला. परीक्षांच्या प्रश्नपत्रिका, संघटनांची पत्रके, साठोत्तरी लघुअनियतकालिकांचे काही अंक आणि आणीबाणीच्या काळातील भूमिगत पत्रके या तंत्राने निघाली. ज्यांना छापखाना उपलब्ध नव्हता किंवा परवडत नव्हता त्यांचे हे मुद्रण होते.

‘झेरॉक्स’चा जन्म याहून निराळा. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया येथे कोरड्या पद्धतीने पहिली प्रतिमा उमटविली. ग्रीक भाषेतील ‘कोरडे’ आणि ‘लिहिणे’ या अर्थाच्या शब्दांवरून ‘झेरोग्राफी’ हे तंत्राचे नाव व त्यावरून ‘झेरॉक्स’ हे व्यापारचिन्ह तयार झाले. १९५९ साली ९१४ क्रमांकाचे यंत्र बाजारात आले आणि हॅलॉइड या जुन्या कंपनीने १९६१ साली स्वतःचेच नाव झेरॉक्स कॉर्पोरेशन असे केले. भारतात १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स ही संयुक्त कंपनी स्थापन झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत तहसील कचेरी, न्यायालय, बसस्थानक व महाविद्यालय यांच्या आसपास ‘झेरॉक्स’ अशी पाटी लावलेली दुकाने उभी राहिली. त्यांतील यंत्र पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीचे असे, आजही असते.

हा शब्द एवढ्या वेगाने का रुजला, याचे कारण तंत्रज्ञानापेक्षा आपल्या राज्यव्यवहारात शोधावे लागते. जातीचा दाखला, शिधापत्रिका, सातबारा, गुणपत्रिका यांच्या प्रती दिल्याशिवाय सामान्य नागरिकाचे कोणतेही काम पुढे सरकत नाही. पूर्वी कागदाची नक्कल हाताने करावी लागे आणि नक्कल करणाऱ्याच्या हाती सत्ता असे. आता ती प्रत रस्त्यावरच्या दुकानात अल्प मोबदल्यात मिळू लागली. शासनाची भाषा ‘साक्षांकित छायाप्रत’ अशी राहिली. नागरिक मात्र ‘झेरॉक्सवर सही-शिक्का’ मागू लागला. या शब्दाच्या प्रसारात सामान्य माणसाचे शासनाशी बदललेले नातेच प्रतिबिंबित झाले आहे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर या शब्दाला शैक्षणिक संधीचा अर्थ आहे. महागडे संदर्भग्रंथ विकत घेऊ न शकणारे विद्यार्थी झेरॉक्सवरच शिकले. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका दुकानाविरुद्ध आंतरराष्ट्रीय प्रकाशकांनी २०१२ साली दावा केला. अभ्यासक्रमासाठी अशा प्रती काढणे कायद्याच्या चौकटीत बसते, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिला. ज्या पिढीतील प्राध्यापकांनी अशाच प्रतींवर पदव्युत्तर अभ्यास केला त्यांना या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

कायद्याच्या दृष्टीने मात्र ‘झेरॉक्स’ हे आजही कंपनीचेच चिन्ह आहे. हे नाव सामान्य झाले असल्याने नोंदवहीतून काढावे अशी मागणी करणारा अर्ज बौद्धिक संपदा अपील मंडळाने २०१२ साली फेटाळला. हे मंडळ २०२१ मध्ये बंद झाले. चिन्ह कायम राहिले. १९९९ च्या कायद्यातील छत्तिसाव्या कलमाकडे पाहिले असता यामागची भूमिका कळते. एखादा शब्द जनतेने वस्तूचे नाव म्हणून वापरला एवढ्याने नोंदणी रद्द होत नाही. त्या व्यवसायातील व्यापाऱ्यांमध्ये तसा वापर सर्वज्ञात व प्रस्थापित असावा लागतो. कायदा शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याला न विचारता विकणाऱ्याला विचारतो, असे म्हणता येईल. परिभाषा समिती त्याला ‘मराठी नाही’ म्हणून नाकारते आणि कंपनी ‘तुमचा नाही’ म्हणून नाकारते. या दोन नकारांच्या मध्ये तो शब्द कोट्यवधी लोक निर्धास्तपणे वापरीत राहतात.

जेसीबी : श्रमाच्या जागी आलेले नाव :
जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ साली इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर येथे आपला उद्योग सुरू केला. त्यांच्या नावाची आद्याक्षरे हेच कंपनीचे नाव झाले. १९७९ साली ही कंपनी भारतात आली. पुढे खोदाई आणि भराई दोन्ही करणाऱ्या पिवळ्या यंत्राला मराठीत ‘जेसीबी’ हेच नाव पडले. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो. ज्या शेतकऱ्याला या अक्षरांचे पूर्ण रूप ठाऊक नाही तोही ‘दोन तास जेसीबी लावला’ असे हिशेबात सांगतो. निवडणुकीतील विजयानंतर जेसीबीच्या बकेटमधून गुलाल उधळला जातो. अतिक्रमण हटविण्याच्या बातमीत वस्तीवर ‘जेसीबी फिरतो’. एकाच शब्दात वैभव आणि विध्वंस दोन्ही सामावले आहेत.

या शब्दाने कोणते शब्द मागे टाकले, हे पाहणे अधिक आवश्यक आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी स्त्रीपुरुषांनी टिकाव, फावडे आणि घमेले घेऊन पाझर तलाव खोदले, बांध घातले, रस्ते केले. त्यातूनच रोजगार हमी योजनेला बळ मिळाले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मातीकाम हे पिढीजात कौशल्य असलेल्या वडार समाजाची उपजीविका या कामाशी निगडित होती. एकविसाव्या शतकात जलसंधारणाच्या कामांत यंत्रांचा वापर मोठ्या प्रमाणावर होऊ लागला आणि शेकडो हातांचे काम एका यंत्राने थोड्या वेळात होऊ लागले. कष्ट कमी झाले हे खरेच. त्या कष्टांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तथापि, १९७२ च्या आठवणी सांगणारी वृद्ध माणसे ‘तेव्हा जेसीबी नव्हता, आम्हीच होतो’ अशा आशयाचे बोलतात तेव्हा तो शब्द एका स्थित्यंतराची सीमारेषा होतो. अशी वाक्ये नोंदविणे हे इतिहासकाराचे काम आहे.

मराठी व्याकरणातील समावेश :
परका शब्द आपला झाला की नाही याची खरी कसोटी व्याकरणात आहे. ‘डालडा’ हा शब्द आकारान्त असल्याने ‘घोडा’, ‘मळा’ यांच्याप्रमाणे पुल्लिंगी झाला. त्याचे सामान्यरूप ‘डालड्या-’ असे होते. म्हणून ‘डालड्यात’, ‘डालड्याचा’. मूळ वस्तू तूप, ते नपुंसकलिंगी. तरीही लिंग ठरले ते शब्दाच्या रूपावरून. उलट ‘झेरॉक्स’चे लिंग अर्थावरून ठरले. प्रत व नक्कल हे शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘माझी झेरॉक्स’. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ मध्ये आणलेली ‘लूना’ ही गाडी म्हणून स्त्रीलिंगी. ‘बिसलेरी’ही बाटलीच्या सोबतीने स्त्रीलिंगी. कंपनीने यांपैकी कोणत्याही नावाला लिंग दिलेले नव्हते. ते दिले मराठी भाषकाने, आणि तेही न शिकविता.

शब्दलोप ही दुसरी प्रक्रिया. ‘गोदरेजचे कपाट’ यातील कपाट गळून पडते आणि ‘दागिने गोदरेजमध्ये आहेत’ असे वाक्य तयार होते. साधित शब्द ही तिसरी प्रक्रिया. ‘झेरॉक्सवाला’ हा शब्द त्यातून आला. ‘टेरिलीन’ या ब्रिटिश धाग्याच्या नावाचा आरंभ आणि ‘कॉटन’चा अंश जोडून ‘टेरिकॉट’ हा कापडबाजारातील शब्द बनला. लक्षणा ही चौथी प्रक्रिया. ‘मुलगा म्हणजे वडिलांची झेरॉक्स’ यात यंत्राचा लवलेशही उरत नाही. या चारही प्रक्रिया मराठीच्या स्वतःच्या आहेत. म्हणून अशा शब्दांना नुसते उसने शब्द न म्हणता नवनिर्मित शब्द म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

दुसरी बाजू :
या प्रक्रियेचे केवळ कौतुक करणे अभ्यासाला धरून होणार नाही. पहिली बाब म्हणजे जुन्या शब्दांचा ऱ्हास. सुतार जो ‘सरस’ तापवून लाकूड जोडीत असे त्याची जागा १९५९ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेविकॉल’ने घेतली, सरस गेला आणि तो तापविण्याचे कसबही गेले. कागद चिकटविण्याची ‘खळ’ आता मुलांना सांगावी लागते. दुसरी बाब ग्राहकाच्या फसवणुकीची. ‘बिसलेरी द्या’ म्हटल्यावर कोणत्याही कंपनीची, किंवा मूळ नावाशी मिळतेजुळते नाव छापलेली बाटली हातात पडते. सामान्यनाम झालेल्या नावाच्या आडून नकली मालही खपतो.

तिसरी बाब औषधांची व ती सर्वांत गंभीर आहे. ‘क्रोसिन घेतली’ असे म्हणणाऱ्या रुग्णाला त्यात पॅरासिटामॉल हे द्रव्य आहे हे माहीत नसेल, तर तेच द्रव्य असलेली दुसऱ्या नावाची गोळीही तो घेण्याचा धोका असतो. औषधांना कंपनीच्या नावाहून वेगळे सर्वसाधारण नाव असावे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय नामपद्धती सुरू केली व तिची पहिली यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. सामान्यनाम वेळीच उपलब्ध करून दिल्यास व्यापारचिन्हावर विसंबावे लागत नाही, हा धडा आपल्या परिभाषा निर्मितीलाही लागू पडतो.

महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि १९६४ साली राजभाषा अधिनियम संमत झाला. त्यानंतर परिभाषेचे जे कार्य झाले ते मोलाचे आहे. ‘छायाप्रत’ आणि ‘चक्रमुद्रित’ हे शब्द अर्थवाही व सुंदर आहेत. ते बोलीत पूर्णतः उतरले नाहीत याचे कारण त्यांच्या घडणीत नाही. वस्तू बाजारात आधी आली, तिच्याबरोबर नाव आले आणि प्रतिशब्द नंतर कागदावर आला. पाटी रंगविणाऱ्या रंगाऱ्यापर्यंत तो पोचलाच नाही.

इतिहासाचे साधन म्हणून मूल्य :
इतिहासाच्या अभ्यासकाला या शब्दांचा दुहेरी उपयोग आहे. एक, कालनिर्णयाचे साधन म्हणून. एखाद्या तारीख नसलेल्या पत्रात किंवा खर्चाच्या वहीत ‘डालडा’ असा उल्लेख असेल तर तो कागद १९३७ पूर्वीचा असू शकत नाही. दोन, मौखिक इतिहासातील सावधगिरीचा इशारा म्हणून. निवेदक आजचा शब्द कालच्या वस्तूला सहज लावतो. सत्तरच्या दशकातील हस्तलिखित नकलेलाही तो ‘झेरॉक्स’ म्हणून जातो. तेव्हा शब्दावरून वस्तूचे अस्तित्व गृहीत न धरता इतर साधनांशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
१) व्यापारचिन्हाचे सामान्यनाम होणे ही कंपनीची कृती नसून भाषक समाजाची कृती आहे. ‘केरोसीन’ बाजूला ठेवून ‘रॉकेल’ घडविणे आणि ‘वनस्पती तूप’ नाकारून ‘डालडा’ स्वीकारणे या दोन्ही घटना समाजाच्या निवडीच्या निदर्शक आहेत.
२) वस्तू नवी व अनामिक असेल तेव्हा ही प्रक्रिया सुलभ होते, शब्द आधीच दृढ असेल तर व्यापारचिन्ह विशेषणाच्या पातळीवर राहते. ‘प्रभाकर’ कंदील व ‘किर्लोस्कर’ नांगर ही त्याची उदाहरणे होत.
३) लिंग, सामान्यरूप, साधित रूपे आणि लक्षणा या मार्गांनी हे शब्द मराठीत पूर्णपणे सामावले गेले आहेत.
४) भेसळीची भीती, शासनाशी येणारा संबंध, शिक्षणाची संधी आणि श्रमाचे यांत्रिकीकरण या विसाव्या व एकविसाव्या शतकातील प्रक्रियांचे ठसे या शब्दांवर उमटले आहेत.
५) कोशकारांनी असे शब्द मूळ, वर्ष व अर्थांतरासह नोंदवावेत; परिभाषाकारांनी नवी वस्तू येते त्याच वेळी प्रतिशब्द लोकांपर्यंत पोचवावा. ही दोन्ही कामे परस्परविरोधी नसून पूरक आहेत.

महाविद्यालयांतील इतिहास व मराठी या विभागांनी आपापल्या परिसरातील बाजार, कार्यशाळा आणि शेती यांतील अशा शब्दांचा संग्रह विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास एक उपयुक्त साधनसंचय तयार होईल. सरस तापविलेला सुतार, स्टेन्सिल कापलेला लिपिक आणि पाझर तलावावर घमेले वाहिलेली मजूर स्त्री आज वृद्धावस्थेत आहेत. त्यांच्या तोंडचे शब्द नोंदविण्यास फारसा अवधी उरलेला नाही.